तेवढ्यात कोणी येणार नाही

तिसरीच्या वर्गात अडतीस मुलं होती आणि गोष्ट कशी संपवायची ते अडतीसही जणांना आधीपासून माहीत होतं. माणूस विहिरीत पडो, जंगलात हरवो की चोरांच्या तावडीत सापडो, शेवटच्या ओळीत 'तेवढ्यात' यायचंच. तेवढ्यात त्याला जाग आली. तेवढ्यात परी आली. तेवढ्यात पोलीस आले. एका गोष्टीत तर परी आली, तिच्यामागून पोलीस आले, त्यांनी परीलाच धरून नेलं, आणि तेवढ्यात सगळ्यांना जाग आली.

ही शेवटची गोष्ट मागच्या बाकावरच्या एका मुलाची. त्याच्या कुठल्याही गोष्टीत पोलीस कधी उशिरा आले नाहीत, म्हणून नवे सर त्याला हवालदार म्हणायला लागले आणि मग सगळा वर्गच म्हणायला लागला.

नव्या सरांनी महिनाभर हे सहन केलं. मग एका सकाळी त्यांनी मोठा पुठ्ठा आणला, त्यावर जाड अक्षरात गोष्ट लिहिण्याचे नियम लिहिले आणि तो फळ्याशेजारी टांगला. गोष्टीत अडचण हवी, आणि ती खरी हवी, लुटुपुटूची नको. तेवढ्यात कोणी येणार नाही; स्वप्न, परी, पोलीस आणि मोठी माणसं बंद. सुटका पात्राने स्वतः करायची. आणि शेवटी पात्र थोडं तरी बदललेलं असावं.

हवालदाराने नियम वाचले आणि एखाद्याला अचानक निवृत्त करावं तसा तो खिडकीबाहेर बघत बसला.

पहिल्या बाकावर चष्म्याची एक मुलगी होती. तिला सर वकीलबाई म्हणत. तिने पुठ्ठा दोनदा वाचला आणि हात वर केला.

"सर, हे नियम फक्त आम्हाला, की तुम्हालापण?"

"सगळ्यांना," सर म्हणाले.

हे त्यांनी बोलायला नको होतं.

सरांचं स्वतःचं म्हणाल तर ते पंचविशीचे होते आणि ताईच्या घरी दिवाणखान्यातल्या सोफ्यावर राहत होते. सोफा त्यांच्यापेक्षा वीतभर आखूड होता. शाळेत येण्याआधी तीन वर्षं त्यांनी भाऊजींच्या खोक्यांच्या कारखान्यात काढली होती, एका बिनखिडकीच्या केबिनमध्ये. खोक्यांवर छापायचा मजकूर तयार करणं हे त्यांचं काम. 'ही बाजू वर' हा मजकूर त्यांचा होता. 'जपून हाताळा' हासुद्धा. आधीच्या माणसाने 'नाजूक माल आहे, कृपया सांभाळून न्यावे ही विनंती' असं लिहून ठेवलं होतं, ते काटून सरांनी दोन शब्दांवर आणलं होतं. लेखक म्हणून त्यांचं कर्तृत्व एवढंच.

पण ताई गप्प बसणारी नव्हती. ती सरांना घेऊन मुख्याध्यापिकेकडे, म्हणजे मोठ्या बाईंकडे गेली आणि म्हणाली, "माझा भाऊ लेखक आहे. पाच पुस्तकं आहेत त्याची." सर शेजारीच उभे होते. त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. बुटांनी काही सुचवलं नाही, म्हणून सरही काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सूचनाफलकावर 'पाच पुस्तकांचे लेखक आपल्या शाळेत' असं रंगीत खडूने लिहिलेलं होतं. तेव्हापासून मोठ्या बाई दर सोमवारी विचारत, "सर, पुस्तकं कधी दाखवताय?" आणि सर सांगत, "छपाईत आहेत." मग "बांधणीत आहेत." मग "गोदामात आहेत." सगळी उत्तरं खोक्यांच्या धंद्यातली होती, पण वेळ मारून न्यायला पुरत होती.

आज मात्र वेळ मारून नेता येणार नव्हती. अडीच वाजता तपासनीस साहेब वर्ग बघायला यायचे होते. त्यांना तास आवडला तर सर कायम. नाही आवडला तर एक तारखेपासून पुन्हा केबिन. भाऊजी तसे देवमाणूस. जेवताना ते रोज प्रेमाने सांगत, "काळजी करू नकोस रे, तुझी खुर्ची अजून तिथेच ठेवलीय." सरांना रागावणाऱ्या माणसांची कधी भीती वाटली नव्हती. या वाक्याची मात्र वाटे.

आजच्या तासासाठी सगळ्या वर्गाने मिळून एक लांबलचक गोष्ट लिहायची होती, कागदाच्या गुंडाळीवर. गुंडाळी वर्गाला लागून असलेल्या सामानाच्या खोलीत होती. दोन वाजून दहा मिनिटांनी सरांनी त्या खोलीचं कुलूप काढलं, किल्ली खिशात टाकली, उघडं कुलूप कडीलाच अडकवून ठेवलं आणि आत गेले. आत गुंडाळलेले नकाशे होते, आसातून निखळलेला पृथ्वीचा गोल होता, पोत्यांच्या शर्यतीची पोती होती आणि डावा हात नसलेला एक सांगाडा होता. सर गुंडाळीला हात घालतात न घालतात तोच मागे दार लागलं. मग कुलूप दाबल्याचा आवाज आला. आवाज छोटाच होता, पण त्यात शंकेला जागा नव्हती.

"कोण आहे तिकडे?" सरांनी विचारलं.

"आम्ही," अडतीस आवाज म्हणाले. वर्ग प्रामाणिक होता.

"दार उघडा."

बाहेर कुजबुज झाली. मग दाराच्या फटीजवळून वकीलबाईचा आवाज आला. "सर, अडचण खरी हवी असं तुम्हीच म्हणाला होतात. लिहिणाऱ्याने अडकलेला माणूस कधी बघितलाच नसेल तर तो काय लिहिणार, असंपण म्हणाला होतात. गुरुवारी."

"ते मी समजावून सांगत होतो."

"आम्हाला समजलं."

सरांनी आवाज शांत ठेवला. "हे बघा, किल्ली माझ्याकडे आहे. मी दाराखालून सरकवतो. तुम्ही उघडा. मग आपण यावर छान चर्चा करू."

किल्ली दाराखालून बाहेर गेली. मग किल्ली दाराखालून परत आत आली.

"सर, आम्ही उघडलं तर ती मदत होईल," वकीलबाई म्हणाली. "सुटका पात्राने स्वतः करायची आहे."

"मी पात्र नाही. मी सर आहे."

"पण तुम्हाला अडचण आहे ना आता?"

"आहे."

"मग पात्रच."

सर खाली बसले. हातात स्वतःच्या तुरुंगाची किल्ली होती आणि तिचा उपयोग फक्त बाहेरच्यांना होता. त्यांना एकदम जेवणाच्या टेबलावरचे भाऊजी आठवले. का, ते त्यांनी शोधलं नाही.

"हे ठरवलं कोणी?"

"सगळ्यांनी. मधल्या सुट्टीत मतदान झालं."

"विरोधात कोणीच नव्हतं?"

"हवालदार होता. त्याला तुम्हाला पोलिसांनी पकडायला हवं होतं."

"पण का? मी काय केलंय तुमचं?"

बाहेर पुन्हा कुजबुज. या वेळी आवाज जरा खालचा होता. "साहेब येणारेत ना. त्यांनी आधी सगळ्या शाळांमध्ये लुटुपुटूच्या अडचणी बघितल्या असतील. खरी बघितली की ते तुम्हाला पास करतील. मग तुम्हाला जावं लागणार नाही."

सरांना क्षणभर रागवायचं सुचलं नाही. मग दोन वाजून चोवीस मिनिटं झाल्याचं दिसलं आणि पुन्हा सुचलं, पण रागवायचं कोणावर तेच ठरेना. दारावर रागावले. दार ऐकणारं नव्हतं.

दारावर काच फुटलेला एक झरोका होता. सरांनी कोपऱ्यातलं एक रिकामं खोकं ओढलं, त्यावर दोन पोती टाकली आणि चढता चढता खोक्यावरची अक्षरं वाचली. 'ही बाजू वर. जपून हाताळा.' त्यांनी जिच्यातून काढता पाय घेतला होता ती केबिन शोधत शोधत इथपर्यंत आली होती. सर आपल्या समग्र साहित्यावर उभे राहिले आणि झरोक्यातून त्यांचं नाकापासून वरचं तोंड वर्गाला दिसू लागलं.

मुलं आपापल्या जागी बसून वह्यांत लिहीत होती. अधूनमधून मान वर करून सरांकडे बघत, एखादा तपशील टिपून घेत आणि पुन्हा लिहू लागत. इतका शांत, इतका एकचित्त वर्ग सरांनी कधीच पाहिला नव्हता. त्यासाठी आपण वर्गात नसायला हवं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं.

बरोबर अडीच वाजता मोठ्या बाई आणि तपासनीस साहेब आत आले.

"सर कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"सर अडकलेत," वकीलबाई म्हणाली.

"कुठे?"

अडतीस बोटं वर गेली. बाईंनी झरोक्याकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. सरांपुढे आता दोन रस्ते होते. आठ वर्षांच्या मुलांनी आपल्याला कोंडलं हे खरं सांगायचं आणि एक तारखेला खुर्चीत जाऊन बसायचं, किंवा.

"नमस्कार," सर झरोक्यातून म्हणाले. "प्रात्यक्षिक चालू आहे. मी पात्र आहे."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण दाराला आणखी एक कुलूप लावलंय आणि त्याची किल्ली तर खिशातही नाही.

तपासनीस साहेब हाडकुळे गृहस्थ होते. सव्वीस वर्षं लहान मुलांच्या बाकांवर बसून त्यांचे गुडघे कायमचे हनुवटीजवळ आले होते. ते हवालदाराशेजारी जाऊन बसले, फाईल उघडली आणि म्हणाले, "अस्सं. मग हा सुटणार कसा?"

वर्ग याचीच वाट बघत होता. कोणी म्हणालं, बोगदा. त्यावर हिशेब झाला की सांगाड्याच्या उरलेल्या हाताने खणलं तरी सर चौथीच्या परीक्षेपर्यंत बाहेर येणार नाहीत. कोणी म्हणालं, सरांनी आठ दिवस जेवू नये म्हणजे ते दाराखालून येतील. या सूचनेला बराच पाठिंबा मिळाला. एका मुलीने सुचवलं की सरांनी आतच राहावं आणि आतूनच शिकवावं, कारण त्यांचा आवाज येतो आणि बाकी कशाची गरज नसते. मोठ्या बाईंनी यावर नकळत मान डोलावली.

"किल्ली सरांकडेच असेल ना?" साहेब म्हणाले. "मग द्या इकडे, मीच उघडतो."

"मोठी माणसं बंद आहेत," वकीलबाईने पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

साहेबांनी नियम वाचले. ते नियमातले माणूस होते. "बरोबर आहे," म्हणून त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

असा पाऊण तास गेला. खोक्यावर 'जपून हाताळा' लिहिलेलं असलं तरी त्यावर माणूस उभा करायचा नसतो. खोकं हळूहळू दबत होतं. आधी सरांचं नाक दिसेनासं झालं, मग डोळे. शेवटी फक्त कपाळ उरलं. 'पात्र कमी होत चाललं आहे,' असं एका मुलाने वहीत लिहिलं आणि साहेबांनी वाकून ते वाचलं.

"सर," वकीलबाईने कपाळाला विचारलं, "शेवटी पात्र बदलायला हवं. तुम्ही बदललात का?"

"बदललो."

"काय बदललं?"

"उंची."

वर्गाने लिहून घेतलं. मग वकीलबाई म्हणाली, "हे नाही चालणार," आणि वर्गाने खोडलं.

घंटा झाली. शाळा सुटली. शिपाईमामा रोजच्याप्रमाणे खोल्या बंद करायला किल्ल्यांचा जुडगा वाजवत आले. झरोक्यातलं कपाळ बघून ते थबकले.

"हे काय, सर आत? थांबा, माझ्याकडे दुसरी किल्ली आहे."

"मामा, थांबा," वकीलबाई आडवी आली. "तुम्ही तेवढ्यात आलात."

"तेवढ्यात कसा? बावीस वर्षं याच वेळेला येतोय मी."

"पण गोष्टीत आधी तुम्ही नव्हता."

"मामा, जरा मागे व्हा," साहेब म्हणाले.

मामांनी साहेबांकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. "शाळा तुमची, कुलपं तुमची," असं म्हणून ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

खोक्याने शेवटचा श्वास सोडला आणि सर जमिनीवर आले. आता त्यांना कोणी दिसत नव्हतं आणि ते कोणाला दिसत नव्हते. बाहेर बाई म्हणत होत्या, "साहेबांना निघायचंय, अजून किती वेळ?" अडतीस दप्तरं अडतीस मांड्यांवर होती आणि एकही बाक सरकला नव्हता.

सर अंधारात सांगाड्याशेजारी बसले. अशा खोलीत बसायची त्यांना सवय होती. तीन वर्षं केबिनबाहेर पावलं वाजली की त्यांना वाटायचं, आता कोणीतरी येईल, दार उघडेल आणि म्हणेल, चल, तुझं इथे काय काम? तीन वर्षांत चहावाल्याशिवाय कोणी आलं नाही. आणि येणार तरी कसं? भाऊजी विचारायचे, "कसं काय चाललंय?" आणि सर सांगायचे, "मस्त." ताई विचारायची आणि सर सांगायचे, "मस्त." मुलांच्या गोष्टींतल्या माणसांना निदान ओरडायचं तरी कळायचं.

"मामा," सरांनी हाक मारली.

"आहे," व्हरांड्यातून उत्तर आलं.

"दार उघडा. मी अडकलोय. खराखुरा. प्रात्यक्षिक वगैरे काही नाही. मुलांनी कोंडलं, आणि साहेबांना बघून मी घाबरलो आणि खोटं बोललो."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मामा आत आले, पण त्यांनी कुलपाला हात लावला नाही. त्यांनी वकीलबाईकडे बघितलं. वकीलबाईने पुठ्ठ्याकडे बघितलं.

"ही मदतच आहे," ती म्हणाली, पण तिचा आवाज आधीसारखा नव्हता.

"पण त्यांनी बोलावलं ना," मागून हवालदार म्हणाला. सगळ्यांनी माना वळवल्या. नियम लागल्यापासून तो वर्गात स्वतःहून बोलला नव्हता. "आपण बोलावल्यावर कोणी आलं तर ते तेवढ्यात नसतं. माझे पोलीस न बोलावता यायचे. ते तेवढ्यात. मला कळतं त्यातलं."

वकीलबाईने चष्मा वर सरकवला. एवढ्या जाणकार माणसापुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता. "ठीक आहे," ती म्हणाली. "पण पात्र बदललं का?"

"आणि माझी पाच पुस्तकं नाहीत," दारामागून सर म्हणाले. एक खरं बाहेर पडलं तसं दुसरंही त्याच्या मागून निघालं. "एकही नाही. ताईने सांगितलं आणि मी गप्प बसलो."

"मग छपाईत काय होतं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

उत्तरादाखल आतून फाडल्याचा आवाज आला आणि झरोक्यातून पुठ्ठ्याचा एक तुकडा वर्गात येऊन पडला. वकीलबाईने तो उचलला आणि धडा वाचावा तसा मोठ्याने वाचला. "ही बाजू वर. जपून हाताळा."

"ते मी लिहिलंय," सर म्हणाले. "माझं छापलेलं एवढंच."

हवालदार कपाळाला आठ्या घालून आठवत होता. "हे मी वाचलंय," तो म्हणाला. "आमच्या फ्रिजच्या खोक्यावर."

"आमच्या पंख्याच्या खोक्यावरपण आहे."

"आजोबांच्या औषधांच्या खोक्यावर आहे. आमच्याकडे सगळे वाचतात."

हात वर होऊ लागले. साहेबांचाही हात अर्धा वर गेला होता. मग त्यांनी त्याच हाताने कान खाजवला.

"मामा," वकीलबाई म्हणाली, "उघडा."

सर बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत पोत्याचे धागे होते आणि काखेत कागदाची गुंडाळी होती. एवढं सगळं होऊन ते जे आणायला गेले होते ते विसरले नव्हते, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

साहेबांनी फाईलमधला तक्ता भरायला घेतला. 'तासाला शिक्षक वर्गात उपस्थित होते का?' हो आणि नाही असे दोन चौकोन होते. साहेबांनी बराच विचार करून दोन्हींच्या मधल्या रेघेवर खूण केली. 'शिक्षक नसताना वर्ग काम करतो का?' इथे त्यांनी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पैकीच्या पैकी गुण दिले. 'शिक्षकास कायम करावे का?' ही ओळ त्यांनी कोरी ठेवली आणि तक्ता मोठ्या बाईंपुढे सरकवला.

"फलक मी आजच पुसते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पुसलेल्या फलकाइतका कोरडा होता. "कायम वगैरे आता विसरा, सर. फार तर महिनाभर राहा. तेवढ्यात कोणी दुसरं..."

अडतीस माना फळ्याशेजारच्या पुठ्ठ्याकडे वळल्या. बाईंची नजर त्या मानांच्या मागोमाग पुठ्ठ्यावर गेली, दुसऱ्या नियमापाशी थांबली आणि परत आली.

"महिनाभर राहा," त्या म्हणाल्या आणि वाक्य तिथेच संपवलं.

साहेब आणि बाई गेले. सरांनी मनात हिशेब केला. महिना म्हणजे सोफ्यावरचे तीस दिवस. केबिनमधली खुर्ची तोवर तिथेच असणार होती. भाऊजी ती हलवणाऱ्यातले नव्हते.

"सर," वकीलबाईने दप्तर खांद्याला लावत विचारलं, "पुस्तकांचं खोटं उघड झालं, ते ताईंना कोण सांगणार?"

"मी."

"आणि खुर्ची नको, ते भाऊजींना?" सरांनी कधीतरी वर्गात भाऊजींचं उदाहरण दिलं होतं. वर्ग काही विसरत नसे.

"तेही मीच."

"कधी?"

"आज. जेवताना."

तिने वही परत बाहेर काढून ते लिहून घेतलं. आता सुटायला जागा नव्हती.

सर पुठ्ठा उतरवायला गेले, मग हात मागे घेतला. तेवढ्यात मागून हवालदार आला, म्हणजे तो आधीपासूनच तिथे उभा होता, सरांनी पाहिलं नव्हतं.

"सर, आधी फोन करून बोलावलं, तर पोलीस चालतील?"

"चालतील. पण फोन कोण करतं, आणि करताना त्याला किती भीती वाटते, ते दिसलं पाहिजे."

हवालदार तिथेच जमिनीवर बसला, वही उघडली आणि लिहू लागला. त्याचे पोलीस कधीचे बसून होते.